सरोजिनीबाईंचे ग्रॅम

सरोजिनी दफ्तरदार यांना दोन गोष्टींचा मनापासून तिटकारा होता. एक म्हणजे गणित, आणि दुसरं म्हणजे गणित समजावून सांगणारा माणूस. पहिल्यापासून त्यांची सुटका शाळा संपल्यावर झाली. दुसऱ्याशी त्यांचं लग्न झालं.

रमाकांतराव सरकारी कचेरीतून हिशेबनीस म्हणून निवृत्त झालेले. आजोबा संस्थानच्या हुजूर कचेरीत होते, त्यामुळे आकड्यांची शिस्त आपल्या रक्तातच आहे असं ते सांगत. सरोजिनीबाई त्यावर, "बरं, मग रक्त आटवू नका, चहा घ्या," एवढंच म्हणत.

त्या मॅट्रिकला होत्या त्याच सुमाराला देशात किलो-ग्रॅम आले. तोवर त्यांनी शेर, अच्छेर, पावशेर, छटाक, तोळा हे सगळं रडतकढत घोकून डोक्यात बसवलं होतं. इतक्या कष्टानं बसवलेली मापं कुणी एका फटक्यात बाद करावीत, हा त्यांना सरळसरळ आपल्यावर झालेला अन्याय वाटला, आणि तो त्यांनी कित्येक वर्षं मान्य केला नाही. खंडेराव मार्केटात त्या पावशेर मेथी मागायच्या. गुजराती भाजीवाली "लो बा, अढीसो" म्हणत अडीचशेचं वजन पारड्यात टाकायची. दोघींचंही समाधान व्हायचं. घरात तर वाटी, पळी, मूठ आणि चिमूट यांच्यापुढे कुठल्या सरकारचं काही चालत नव्हतं. शिवणाच्या डब्यातल्या टेपला एका बाजूला इंच होते आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर, पण ती दुसरी बाजू त्यांनी इतक्या वर्षांत उलटून पाहिलेली नव्हती. आणि त्यावाचून त्यांचं काही अडलंही नव्हतं, हे इथे कबूल केलं पाहिजे.

अडलं ते सत्त्याण्णव सालच्या जानेवारीत. सून आभा आठव्या महिन्यातच बाळंत झाली. मुलगी झाली. दवाखान्याच्या दारातून सिस्टर बाहेर आली आणि म्हणाली, "बेबी छे. एक किलो त्रणसो ऐंसी."

मुलगा देवेश वाघोडियाच्या कारखान्यातून तसाच अंगावरच्या युनिफॉर्मनिशी धावत आला होता. आकडा ऐकला आणि त्याचा चेहरा उतरला. रमाकांतरावांनी चष्मा काढून पुसायला घेतला. सरोजिनीबाईंनी दोघांकडे पाहिलं आणि सिस्टरला विचारलं, "म्हणजे किती शेर?"

"बा, शेर तो गयो," सिस्टर म्हणाली. "हवे ग्राममां बोलो."

सरोजिनीबाई बाकावर बसून राहिल्या. मुलगा घाबरलाय, नवरा घाबरलाय, आणि आपल्याला मात्र किती घाबरायचं तेच कळत नाही! एवढी लाज त्यांना आयुष्यात कधी वाटली नव्हती. नातीला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आत जायला मनाई होती. जिला हातात घेता येत नाही ती केवढी आहे, ते निदान समजायला तरी हवं की नको?

गोत्रीला परत आल्यावर त्या वर घरी गेल्या नाहीत. सोसायटीच्या खालीच किराणा दुकान होतं. दुकानदार काका ओळखीचे. सरोजिनीबाईंनी त्यांच्याकडे साखर मागितली नाही की तेल मागितलं नाही. म्हणाल्या, "काका, एक किलो तीनशे ऐंशी ग्रॅमची वजनं द्या. इथेच बसते. परत देते."

काकांनी काही न विचारता वजनं काढली. एक किलोचं, मग दोनशे, शंभर, पन्नास, वीस, आणि अगदी शेवटी दहाचं, बोटाच्या पेराएवढं. सरोजिनीबाई तांदळाच्या पोत्यावर टेकल्या आणि त्यांनी ती सगळी ओंजळीत घेतली. थंडगार लोखंड. बराच वेळ त्या ती वजनं हातात धरून बसल्या. दुकानात गिऱ्हाइकं आली नि गेली.

"एवढीशी?" त्या शेवटी म्हणाल्या. आणि मग मात्र त्यांना नीट कळलं की किती घाबरायचं.

पण नुसतं घाबरून बसायचा त्यांचा पिंड नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिकायलाच घेतलं. रमाकांतरावांना कोण आनंद झाला. लग्नानंतर अडतीस वर्षांनी हा दिवस उगवला होता! त्यांनी घसा खाकरला आणि चार अंश तापमानाच्या शुद्ध पाण्यापासून सुरुवात केली.

"तुमचं पाणी राहू द्या तापमानासकट," सरोजिनीबाई म्हणाल्या. "मला हातानं शिकू द्या."

आणि त्या हातानंच शिकल्या. रोज दुपारी दुकान बंद व्हायच्या आधी खाली जायच्या. डोळे मिटून हात पुढे करायच्या, काका त्यावर एक वजन ठेवायचे, आणि ह्यांनी ओळखायचं. सुरुवातीला शंभर आणि दोनशेतही गफलत व्हायची. काका नेमानं म्हणायचे, "खोटुं, बा." सरोजिनीबाई चिडायच्या, स्वतःवर, आणि पुन्हा हात पुढे करायच्या. हळूहळू तळहाताला समजू लागलं. पन्नासचं आणि वीसचं वजन त्यांना न बघता सांगता येऊ लागलं, तेव्हा त्यांनी कधी नव्हे ते नवऱ्याला स्वतःहून हाक मारून बोलावलं आणि करून दाखवलं.

मग दुधाची पाळी आली. पोरीला अंगावर ओढायची ताकद नव्हती. आभानं दूध काढून द्यायचं आणि ते थोडं थोडं पाजायचं, तेही मिलिलिटरमध्ये. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या की पाच मिली म्हणजे एक लहान चमचा. सरोजिनीबाईंनी बिनसुईची सिरिंज आणली आणि घरातला एकूण एक चमचा ओट्यावर मांडून पाण्यानं मोजला. एकात तीन मिली मावलं, एकात साडेचार, पोह्यांच्या चमच्यात नऊ, आणि आभाच्या माहेरहून आलेल्या सुबक नक्षीच्या चमच्यात जेमतेम दोन. पाच मिलीचा चमचा अख्ख्या घरात एकही निघाला नाही.

"आणि ह्या चमच्यांनी आपण पोरांना औषधं पाजली!" सरोजिनीबाई म्हणाल्या. "जगला बिचारा देवेश." त्यांनी चमचे परत डब्यात टाकले आणि ठरवलं की नातीचं दूध सिरिंजनंच मोजायचं आणि चांदीच्या बोंडल्यात ओतायचं. पन्हळीसारखी चोच असलेलं ते छोटं भांडं, त्यातूनच ह्या घरातली सगळी तान्ही दूध प्यायली होती. टेपही त्यांनी उलटा केला. डोक्याचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा असतो, हे त्यांनी सिस्टरला विचारून घेतलं होतं.

पोर एक किलो सहाशे वीस ग्रॅमची झाली तेव्हा तिला घरी सोडलं. सोडताना डॉक्टरीणबाईंनी सरोजिनीबाईंना समोर बसवलं. दर दोन तासांनी पंचवीस मिली दूध. आठवड्याला वजन. कडाक्याच्या थंडीत रिक्षातून दवाखान्यापर्यंत आणणं धोक्याचं, पण वजन तर झालंच पाहिजे.

"घरी केलं तर?" सरोजिनीबाईंनी विचारलं.

"बा, तमने फावशे?" जमेल का तुम्हाला, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"फावशे, बेन. केम नहीं फावे?"

डॉक्टरीणबाई हसल्या, पण लगेच गंभीर झाल्या. आठवड्यात निदान शंभर ग्रॅम वाढलंच पाहिजे, त्या म्हणाल्या, आणि शंभराच्या खाली राहिलं तर एक दिवससुद्धा वाट बघायची नाही. अशा पोरांचं बिनसलेलं चेहऱ्यावर दिसत नाही, ते आधी वजनात दिसतं. शंभर हा आकडा सरोजिनीबाईंनी देवाच्या नावासारखा मनात धरून ठेवला.

सोमवारी दुपारी काकांचं दुकान बंद असताना त्यांचा दोन पारड्यांचा काटा पहिल्या मजल्यावर यायचा. तो वर आणायचं काम रमाकांतरावांचं. ते धापा टाकत यायचे आणि जिन्यात दोनदा थांबायचे. सरोजिनीबाई पारडी गरम पाण्यानं पुसायच्या. ज्या दुपट्यात पोरीला गुंडाळायचं तसलंच दुसरं दुपटं, तसलीच टोपी आणि तसलाच लंगोट समोरच्या पारड्यात ठेवून धडा करायच्या, म्हणजे दोन्ही पारडी आधी सारखी करून घ्यायच्या. मग पोरीला ठेवायचं आणि वजनं घालायची. पहिल्या सोमवारी काटा एक किलो सातशे सत्तरवर स्थिरावला. दीडशे ग्रॅम वाढ! आभाला हसू आलं आणि रडूही आलं. पोर घरी आल्यापासून ती तिच्याकडे नुसती बघत बसायची. कुणी दार वाजवलं तरी दचकायची, जणू दवाखान्यातलेच कुणी पोरीला परत न्यायला आलेत.

हा सगळा प्रकार कौशल्यावन्संना मुळीच पसंत नव्हता. कौशल्याबाई म्हणजे रमाकांतरावांच्या थोरल्या बहीण. रावपुऱ्यात राहत आणि भावाच्या घरात काय शिजतं यावर तिथून लक्ष ठेवत. तान्ह्या पोराचं वजन करू नये, दृष्ट लागते, हे त्या पहिल्या दिवसापासून सांगत होत्या.

"गवार आहे का ती काट्यावर घालायला?" त्या म्हणाल्या. "देवेशला कुणी तोललं होतं का? झालाच ना घोड्याएवढा?"

"वन्सं, देवेश साडेसात पौंडांचा जन्मला होता," सरोजिनीबाई म्हणाल्या. मनात मात्र म्हणाल्या, आणि तेही तुम्हीच गावभर सांगत होतात.

पण वन्संचा जीव होता पोरीवर, त्याबद्दल शंका नको. बारसं लांबलं होतं, ते त्यांनीच गुरुवारी घरातल्या घरात उरकायला लावलं. पोरीचं नाव ठेवलं अवंती. नाव कानात सांगून झालं तसं वन्संनी पदराच्या गाठीतून चांदीचे वाळे काढले आणि कमरेची साखळी काढली. देवेशच्या बारशातलीच ती. वन्संनी ती चिंचेनं घासून लख्ख करून आणली होती. काडीसारख्या पायांत त्यांनी हलक्या हातानं वाळे दाबून बसवले, कमरेला साखळी घातली, आणि सगळ्यांना बजावलं, "सव्वा महिना काढायचं नाही. दफ्तरदारांकडे तशी पद्धत नाही." आभानं पोरीला उचललं तसे वाळे वाजले. त्या आजारपणानं आंबलेल्या घरात तो आवाज इतका गोड वाटला की सरोजिनीबाईंचेही डोळे भरून आले.

पुढच्या सोमवारी काटा आला. धडा झाला, दुपट्याला दुपटं, टोपीला टोपी. पोरीला ठेवलं, वजनं घातली. एक किलो आठशे ऐंशी.

"एकशेदहा," रमाकांतराव म्हणाले.

गेल्या खेपेपेक्षा कमी, पण शंभराच्या वर. सरोजिनीबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. डॉक्टरीणबाईंना फोन करून आकडा कळवला. त्यांनीही, सारु, ठीक आहे, पुढच्या आठवड्यात बघू, असं सांगितलं. बारशापासून मुक्कामाला राहिलेल्या वन्सं तर म्हणाल्याच, "बघ, अंगाला चांदी लागली की पोर धरतंच." त्या दिवशी देवेश येताना आइस्क्रीम घेऊन आला आणि कित्येक दिवसांनी घरात सगळ्यांनी एकत्र बसून काहीतरी खाल्लं.

मंगळवारी बोंडल्यात थोडं दूध उरू लागलं. पाच मिली, कधी सात. आभा म्हणाली, झोपेत आहे, म्हणून सोडते. सरोजिनीबाईंना ते खटकलं, पण एकशेदहा ह्या आकड्यानं त्यांचं तोंड बंद केलं होतं. शिकून शिकून ज्याच्यावर विश्वास ठेवायला शिकलो, त्याच्यावर अविश्वास कसा दाखवायचा?

बुधवारी दुपारी त्या पोरीचं अंग कोमट फडक्यानं पुसत होत्या. मांडी पुसली, पोटरी पुसली, आणि फडक्याबरोबर डाव्या पायातला वाळा टाचेवरून सरकत खाली आला आणि त्यांच्या तळहातावर पडला. गुरुवारी दाबून बसवलेला वाळा!

त्यांनी हात तसाच धरला. तळहातानं त्यांच्या आधी ओळखलं. वीसपेक्षा बरंच जास्त, पन्नासपेक्षा कमी. एक वाळा. असे दोन. आणि साखळी. धडा केला होता दुपट्याचा, टोपीचा, लंगोटाचा. चांदीचा कुठे केला होता?

"आभा," त्या म्हणाल्या, "हिला जरा धर." दुसरा वाळा त्यांनी काढला. साखळीचा फासा सोडवला. वन्सं बाहेरच्या खोलीत जप करत बसल्या होत्या. त्यांना न सांगता सरोजिनीबाई पायात चपला सरकवून खाली गेल्या. दुकान बंद होतं. त्यांनी मागच्या दारानं काकांना जेवणावरून उठवलं. काट्यात चांदी टाकली. पन्नास. वीस. दहा. आणखी एक पाचचं, तेव्हा काटा सरळ झाला.

पंच्याऐंशी ग्रॅम.

एकशेदहातून पंच्याऐंशी गेले. हे गणित करायला त्यांना कुणाची गरज पडली नाही. पोर वाढली होती पंचवीस ग्रॅम. अख्ख्या आठवड्यात. आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, एक दिवससुद्धा वाट बघायची नाही. दोन दिवस तर आपण आइस्क्रीम खात बसलो!

वर येऊन त्यांनी सांगितलं तेव्हा घरात एकदम गलका झाला. वन्संची नजर आधी त्यांच्या हातातल्या चांदीवर गेली. "काढलेस? सव्वा महिना झाला नाही अजून! अगं, अपशकुन करतेस?"

रमाकांतरावांनी फोन लावला. डॉक्टरीणबाई पेशंट तपासत होत्या, संध्याकाळी बोलतील असा निरोप मिळाला. "मग संध्याकाळपर्यंत थांबू," ते म्हणाले. "देवेशही येईल वाघोडियाहून. शांतपणे ठरवू. काट्यात थोडं इकडेतिकडे होतंच की."

"काट्यात नाही झालं. माझ्यात झालं," सरोजिनीबाई म्हणाल्या.

"पण आई, ती पितेय," आभा म्हणाली. तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि ती भिंतीला टेकून उभी होती. "थोडं थोडं पितेय. मी जास्त वेळा पाजीन. आई, नको ना. ते परत तिला पेटीत ठेवतील. मला हात लावू देणार नाहीत."

ही मुलगी महिनाभर काचेला नाक लावून उभी होती, हे सरोजिनीबाईंनी पाहिलं होतं. एक क्षण त्यांना वाटलं, थांबावं संध्याकाळपर्यंत. मग त्यांनी पोरीच्या पायाकडे पाहिलं. पावलं उघडी पडली होती. घोट्याशी कातडी सैल झाली होती, मापापेक्षा मोठा मोजा घातल्यासारखी.

"ठेवू दे पेटीत," त्या म्हणाल्या. "माझ्यावर रागाव, बोलू नकोस माझ्याशी जन्मभर. पण मी आत्ता निघणार. तू येतेस की मी एकटी जाऊ तिला घेऊन?"

वन्सं उठून दारात आल्या. त्यांचा आवाज चढला होता. "म्हणजे मी घातलेल्या चांदीनं पोरीचं वाईट झालं, असं म्हणायचंय का तुला?"

"नाही वन्सं. वाळे तुम्ही घातलेत ते मायेनं घातलेत. काट्यावर तिला मी ठेवलं. चूक माझी आहे, आणि तीच निस्तरायला चाललेय. वाट द्या."

वन्सं बाजूला झाल्या. रमाकांतराव कधी नव्हे ते काही समजावून न सांगता रिक्षा बोलवायला धावले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सरोजिनीबाईंचा चेहरा बघूनच पोरीला आत घेतलं. त्यांच्या काट्यावर एक किलो सातशे नव्वद भरलं. तपासण्या झाल्या. लघवीत जंतुसंसर्ग निघाला. त्यानंच भूक मेली होती. ताप नव्हता, रडणं नव्हतं, काही नव्हतं. सुया सुरू झाल्या, नाकातून नळी घातली आणि अवंती परत काचेमागे गेली.

सरोजिनीबाईंनी चांदीची गोष्ट डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितली. काही लपवलं नाही. त्या दोन दिवसांबद्दल त्या रागावतील, असं त्यांना वाटलं होतं. रागावल्याही थोड्या. मग म्हणाल्या, "आज लाव्या ए सारु कर्युं." आज आणलंत ते बरं केलंत, एवढंच. वेळेवर आलात की नाही, ते मात्र त्या काही बोलल्या नाहीत. ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

आभानं सासूशी बोलणं टाकलं. भांडली असती तर बरं झालं असतं. रोज सकाळी आत वजन व्हायचं, आत फक्त आईला सोडत. ती बाहेर यायची आणि आकडा देवेशला सांगायची, तोही खालच्या आवाजात. सरोजिनीबाई कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसायच्या, आणि त्यांना तो आकडा देवेशच्या चेहऱ्यावरून वाचावा लागायचा. पहिल्या दिवशी दहा ग्रॅम उतरलं. दुसऱ्या दिवशी आणखी पंधरा. तिसऱ्या दिवशी देवेश नुसताच मान हलवून खिडकीकडे गेला.

रमाकांतराव म्हणाले, "तू घरी जा थोडा वेळ. इथे बसून काय होणार आहे?"

"काही नाही होणार," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि बसून राहिल्या. मनातून त्या भयंकर घाबरल्या होत्या. पोर आत गेली ती आपल्या हातून गेली, आणि परत आली नाही तर तेही आपल्याच हातून, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. पण त्या बुधवारी दुपारी पुन्हा उभं राहायची वेळ आली असती तर त्यांनी पुन्हा तेच केलं असतं. हेही त्यांना तितकंच पक्कं माहीत होतं. त्यामुळे पश्चात्ताप करायलासुद्धा जागा नव्हती. बसून राहणं तेवढं हातात होतं.

वन्सं एकदा डबा घेऊन आल्या. बाकावर बसल्या, डबा मध्ये ठेवला. मग म्हणाल्या, "शंभर ग्रॅम म्हणजे केवढं गं?"

सरोजिनीबाईंनी डब्यातली दोन लिंबं काढून त्यांच्या हातावर ठेवली. "साधारण एवढं."

वन्सं ती लिंबं हातात धरून काचेच्या दाराकडे बघत बसल्या. मग त्यांनी ती पदरात घेतली आणि डोळ्यांना पदर लावला.

त्यानंतर दोन दिवस वजन जागचं हललं नाही. उतरलं नाही, वाढलंही नाही. मग नाकातली नळी काढली आणि आभाला वाटीनं पाजायला आत बोलावलं.

दुसऱ्या सकाळी देवेश नेहमीसारखा दाराशी उभा होता. दार उघडलं. आभा बाहेर आली. केस सुटलेले, डोळ्यांखाली काळं. देवेशनं हात पुढे केला, पण ती त्याच्यापाशी थांबली नाही. अख्खा कॉरिडॉर चालत ती टोकाच्या बाकापाशी आली आणि सरोजिनीबाईंसमोर जमिनीवरच बसली.

"आई," ती म्हणाली, "पस्तीस वाढलंय."

सरोजिनीबाईंना एकच विचारायचं होतं, आणि तेच विचारवेना.

आभानं त्यांचे दोन्ही हात धरले. "लंगोटसुद्धा नव्हता अंगावर. सिस्टर म्हणत होती राहू दे, थंडी आहे. मी स्वतः काढला, आई."

सरोजिनीबाईंनी तिचं डोकं मांडीवर ओढून घेतलं, आणि इतके दिवस अडवून धरलेलं रडू त्यांनी तिथे सगळ्यांदेखत येऊ दिलं.